खुंट कुठले धरलेस?

काका, परवा तुमचा तेरावा झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये चार जण बोलले आणि चौघांनीही तुम्ही फार शिस्तीचे होतात असं सांगितलं. त्यातले दोघे तुम्हाला टरकून असायचे. पार्किंगच्या रेषा तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून आखल्या होत्या आणि कोणाचं चाक चार बोटं बाहेर आलं तरी काचेवर तुमच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी लागायची. तुमच्या मुलाने, महेशने, मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी होतं, आणि तुम्ही समोर फोटोत बसला होतात, हार घालून, कधी नव्हे ते गप्प. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपली ओळख भांडणातून झाली हे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात, आणि दर वेळी त्यातला माझा वाटा थोडा वाढवायचात. खरं काय ते सांगते. मंडईबाहेर एक सीताफळवाली बसली होती आणि तिच्या फळांखाली एक मळकट कापड अंथरलेलं होतं. फळं विकली जात होती तसतसं ते उघडं पडत होतं, आणि मला त्यावर तपकिरी रेषा दिसल्या, एकात एक, डोंगराची उंची दाखवणाऱ्या. मी खराडीत दिवसभर स्क्रीनवर नकाशेच बघते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. कापडावर डकवलेला जुना सरकारी नकाशा होता तो. मी खाली वाकून म्हटलं, मावशी, हे फडकं मला देता का? तेवढ्यात पलीकडून तुमचा हात त्याच्या दुसऱ्या टोकावर पडला.

"कशाला हवाय?" तुम्ही विचारलंत, ना ओळख ना पाळख.

"फ्रेम करून भिंतीवर लावायला."

"का, भिंतीला भोक पडलंय?"

मी वर्ध्याकडची. पुण्यात येऊन सात वर्षं झाली होती, पण असलं उत्तर पचवायची सवय अजून झाली नव्हती. मी चांगलीच तापले. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात की त्यात तुमचं गाव असावं, एकदा बघू द्या. त्यावर काय भांडणार. सीताफळवाली म्हणाली, न्या कोणीतरी एकदाचं, पण मला दुसरं काहीतरी अंथरायला द्या. तुम्ही तुमची कापडी पिशवी रिकामी करून तिला दिलीत, आणि पिशवीतली मेथी, मुळे, कोथिंबीर आपण दोघांनी काखेत धरून बसस्टॉपपर्यंत नेली. बसमध्ये कळलं की आपण दोघंही वारज्यातच राहतो, मध्ये फक्त दोन गल्ल्या.

नदीचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणायचात, नाव कळलं की रविवारी लोक गाड्या घेऊन येतात. वारज्यापासून पश्चिमेला दीड-दोन तासांवरचं खोरं, एवढं पुरे. तिथे धरण झालं आणि तुमचं करंजवळे पाण्याखाली गेलं तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात. पुढे धरणग्रस्त म्हणून तुम्हाला सरकारी कचेरीत नोकरी मिळाली, तीही कालव्यांचे नकाशे काढायची. तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या पाण्याच्या रेषा ओढल्यात. त्याबद्दल कधी कडवट बोलला नाहीत. एकदाच म्हणालात की हात चांगला होता म्हणून दिली नोकरी, उपकार नाही केले.

सीताफळांखालचा नकाशा शंभरेक वर्षांपूर्वीचा निघाला, एका इंचाला एक मैल या मापाचा. तुम्ही तो ओल्या फडक्याने टिपून, वर्तमानपत्रांत दाबून आठवडाभर वाळवलात आणि मग मला बोलावलंत. तुमच्या जेवणाच्या टेबलावर मी पहिल्यांदा करंजवळे पाहिलं. दहा-बारा काळे चौकोन, एक देऊळ, दोन विहिरी, आंब्याची राई, आणि खालून वळसा घेऊन गेलेली नदी. एका जागी तुटक रेषेची पायवाट काठावर येऊन थांबत होती आणि समोरच्या काठावरून पुन्हा निघत होती. तुम्ही तिथे बोट ठेवलंत आणि म्हणालात, हा आमचा उतार.

उतार म्हणजे नदी जिथून चालत ओलांडता येते ती जागा, हे मला तुम्ही सांगितलंत. गुडघाभर पाणी, खाली सपाट खडक. पलीकडच्या बाजाराला जायचं ते तिथून, नवरी आणायची ती तिथून, आणि गावातलं माणूस गेलं की त्याची राख सोडायची तीही तिथेच. तुमचे वडील तिथून गेले आणि दोन वर्षांनी आई गेली. धरणाचं पाणी त्यानंतर आलं. हे सगळं तुम्ही एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलंत, आणि शेवटी म्हणालात, "मलाही तिथेच सोडायचं. महेशला सांगून ठेवलंय. पण त्याला जागा कोण दाखवणार?"

अडचण समजायला सोपी होती. जुन्या नकाशात नदी आहे पण धरण नाही. नव्या नकाशात धरण आहे पण नदी नाही, नुसतं निळं पाणी. दोन्ही एका कागदावर आणले तरच कळणार की आज बोटीत बसून नेमकं कुठे थांबलं की खाली तो खडक येतो. निवृत्त झाल्यापासून तुम्ही तेच करत होतात. एक मोठा ट्रेसिंगचा कागद, त्यावर सगळं खोरं, बुडालेलं आणि उरलेलं, तुमच्या हाताने काढलेलं.

त्या कागदाला तुमचा एक नियम होता. प्रत्येक गोष्ट आधी पेन्सिलीने काढायची, आणि तिथे स्वतः चालत जाऊन उभं राहिल्यावरच तिला शाई लावायची. पायाखाली आल्याशिवाय शाई नाही, असं तुम्ही म्हणायचात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मी रोज नवव्या मजल्यावर बसून, जिथे जन्मात पाऊल टाकलं नाही अशा गावांचे रस्ते काढते. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, तरीच तुझ्या नकाशावर विसंबून माणसं नदीत गाड्या घालतात.

त्या कागदापायी आपण किती रविवार भटकलो. तुमच्याकडे छत्री, टोपी आणि प्लास्टिकच्या नळकांड्यात गुंडाळलेला नकाशा; माझ्याकडे पाण्याची बाटली आणि तुमच्या मते बिनकामाचा फोन. चढावर तुम्ही मला मागे टाकायचात आणि वर पोचून विचारायचात, वर्ध्याला चढ नसतात का. एकदा एका विहिरीसाठी आपण फार्महाउसच्या फाटकावर अडलो. वॉचमन म्हणाला, साहेब नाहीत, आत सोडता येणार नाही. तुम्ही त्याच्यापुढे नकाशा उलगडलात, त्या इवल्याशा गोल खुणेवर बोट ठेवलंत आणि अत्यंत अदबीने सांगितलंत की आम्ही विहिरीला भेटायला आलोय, साहेबांना नाही. त्याने सोडलं. विहीर होती. आत पंप सोडलेला आणि पाण्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. तुम्ही कठड्यावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिलात. त्या संध्याकाळी माझ्यासमोर तिला शाई लागली.

चूक झालीच तर शाई कशी काढायची तेही तुम्ही त्या दिवशी शिकवलंत. ब्लेड अर्धं मोडायचं, आडवं धरून हलक्या हाताने खरवडायचं, मग नखाने कागद घासून गुळगुळीत करायचा, नाहीतर पुढची रेघ पसरते. तिसऱ्या खेपेला मला जमलं तेव्हा म्हणालात, नवशिक्याच्या मानाने बरं आहे. याहून मोठं कौतुक तुमच्याकडून मला कधी मिळालं नाही, आणि एवढंसुद्धा मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं.

आणि माझ्या वाढदिवसाला तुम्ही आणलेली ती गुंडाळी. कुठून कुठून शोधून तुम्ही माझ्या गावाचा जुना नकाशा मिळवला होतात आणि तो ट्रेसिंगवर उतरवला होतात. आमची नदी, जिला तुम्ही नेहमी नाला म्हणून चिडवायचात, ती तुम्ही वळणावळणाने काढली होतीत, दोन्ही काठांच्या चिंचांसकट. सगळं पेन्सिलीत. शाई का नाही म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, मी कुठे गेलोय तिथे, नेशील तेव्हा लावू. दोन दिवाळ्या मी एकटीच गेले, काका. एकदा तिकीट मिळालं नाही, एकदा म्हटलं तुम्हाला थंडीत त्रास होईल. तो कागद आजही पेन्सिलीतच आहे.

तुमच्या कागदावर उतारही पेन्सिलीतच राहिला होता. तीस हात पाण्याखाली पाय कसा पोहोचणार? उन्हाळ्यात पाणी ओसरलं तरी तिथलं पात्र उघडं पडत नाही. तुम्ही दोन डोंगरमाथ्यांवरून मापं घेऊन, कंपासने त्याची जागा काढली होतीत. मला ती पद्धत जुनाट वाटली. मी म्हटलं, काका, मी करून देते, एका दुपारचं काम आहे.

एका दुपारचंच होतं. जुना नकाशा स्कॅन करायचा आणि उपग्रहाने काढलेल्या आजच्या चित्रावर अंथरायचा. तो हलू नये म्हणून दोन्हींत असतील अशा तीन-चार जागा शोधायच्या आणि तिथे त्याला ठोकून टाकायचं. या जागांना आमच्याकडे लांबलचक इंग्रजी नाव आहे, तुम्ही त्यांना खुंट म्हणायचात. मी एक डोंगरमाथा धरला, एक खिंड धरली, आणि तिसरा खुंट करंजवळ्यातला धरला. सॉफ्टवेअरने लगेच लाल आकडा दाखवला, म्हणजे जुळत नाही. नकाशा गावापाशी ताणला जात होता, नदीचं वळण डोंगरावर चढत होतं. मी जराही न थांबता ठरवलं की शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीवाल्यांनीच इथे घोळ घातलाय. तुमच्या उतारापासून माझा उतार पाऊण किलोमीटर सरकला, धरणाच्या भिंतीकडे आणि काठाला.

मोतीबिंदू काढल्यानंतरही तुम्हाला स्क्रीन नीट दिसत नसे, म्हणून मी जागा कागदावर उतरवून तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "एवढा काठाला नव्हता. उतारात उभं राहिलं की दोन्हीकडचे डोंगर सारखेच लांब दिसायचे." मी म्हटलं, काका, तुम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतात. तुम्ही म्हणालात, मोजणीची माणसं पायी फिरली होती, ती एवढी चुकत नाहीत. मी म्हटलं, उपग्रह तर मुळीच चुकत नाही. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकाने पुसलात आणि विचारलंत, "खुंट कुठले धरलेस?"

"धरलेत तीन-चार, काका. बाकीचं सॉफ्टवेअर करतं."

एवढं बोलून मी चहा टाकायला तुमच्या स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा विषय महेशच्या मुलीच्या परीक्षेवर गेला होता.

दुसऱ्यांदा तुम्ही फोन करून विचारलंत. मी ऑफिसात, मीटिंगमध्ये, समोर सहा जण. मी दबक्या आवाजात सांगितलं की मी सगळं पुन्हा तपासलंय, बरोबर आहे. तपासलं नव्हतं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. पुढच्या भेटीत आपणहून म्हणालात, "तुझं मशीन म्हणतंय तर असेल. लहानपणी नदी मोठीच दिसते." आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. ज्या माणसापुढे अख्ख्या सोसायटीत कोणाचं चालायचं नाही त्याने माझं ऐकलं, याचा मला आनंद झाला. लाज वाटते लिहिताना, पण झाला.

त्या शेवटच्या महिन्यांत मी कमी आले. कामाचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं, पण दोन गल्ल्या ओलांडायला रविवारची एक सकाळ पुरली असती. तुम्ही आजारी आहात हे माहीत होतं. किती, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. शेवटचं हॉस्पिटलात भेटलो तेव्हा तुम्ही माझा हात धरून काहीतरी बोलायला लागलात आणि नर्स आली. मी म्हटलं, बरे व्हा, मग निवांत बोलू.

तुम्ही गेल्यावर महेशने फोन केला तो जागेसाठीच. म्हणाला, ताई, बाबांनी लिहून ठेवलंय, जागा मीरा दाखवेल. दहाव्या दिवशी आम्ही गेलो. धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेला चिखल आणि जुन्या बांधांचे दगड दिसत होते. एका कोळ्याने होडी काढली. महेश मडकं मांडीवर घेऊन मध्ये बसला आणि मी पुढे, हातात फोन. फोनवर निळा ठिपका सरकत होता आणि मी सांगत होते, थोडं डावीकडे, अजून थोडं, बस. वल्ही थांबली.

तेव्हा मी मान वर केली. डावीकडचा डोंगर इतका जवळ होता की त्यावरच्या शेळ्या मोजता आल्या असत्या. उजवीकडचा लांब, धुरकट. दोन्ही डोंगर सारखेच लांब दिसायचे, हे तुमचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं. मी पुन्हा फोनकडे पाहिलं. ठिपका बरोबर खुणेवर होता. महेशने माझ्याकडे पाहून विचारलं, इथेच ना?

"हो, इथेच."

त्याने मडकं तिरपं केलं. फुलं थोडा वेळ होडीभोवती तरंगत राहिली.

नंतर आम्ही वर नव्या करंजवळ्यात गेलो, तुमच्या चुलत बहिणीकडे. हिराआत्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा भेटले. चहाआधी त्यांनी आम्हाला देवीच्या देवळात नेलं. काळ्या दगडाचं, शेंदराने माखलेलं, खांबांवरची नक्षी हात लागून लागून झिजलेली. कोणीही म्हणेल तीन-चारशे वर्षं इथेच उभं असेल. मी खांबाला हात लावून हिराआत्यांना जरा ऐटीतच सांगितलं की हे देऊळ शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशातही आहे.

"आसंल की," त्या म्हणाल्या. "पर तवा हितं न्हवतं. खाली व्हतं, नदीच्या अंगाला. पाणी चढाया लागलं तवा गावानं चिरा न् चिरा उचलून वर आणला. चिऱ्यांवर आकडं घातलं व्हतं, कुठला कशावर बसवायचा त्ये कळाया. त्ये आकडं तुझ्या काकानं घातल्यात. बारा वर्साचा व्हता, पर आक्षर चांगलं."

आणि त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. गाभाऱ्याच्या दारामागे, जिथे शेंदूर पोचला नाही तिथे, चुन्याने काढलेला सत्तेचाळीसचा आकडा अजून आहे. सातची शेपटी खाली नेऊन किंचित वळवलेली. पार्किंगमधल्या चिठ्ठ्यांवरचा तुमचा सात तसाच असायचा.

माझा तिसरा खुंट ते देऊळ होतं, काका. जुन्या नकाशात गावाच्या देवळाची खूण होती, उपग्रहाच्या चित्रात त्याच देवीचं देऊळ दिसत होतं, मी एकावर एक ठोकून मोकळी झाले. देऊळ जेवढं सरकलं होतं तेवढी मी नदी सरकवली, आणि नदीबरोबर उतारही. तुम्ही विचारलंत तेव्हा देवळाचा, एवढा एक शब्द मी बोलले असते तर तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणाला असतात, अगं वेडे, ते देऊळ मी उचलून आणलंय. आपण पोट धरून हसलो असतो. परतीच्या वाटेवर महेश गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. त्याला काही सांगितलं नाही.

परवा तेराव्याची पंगत उठल्यावर महेशने तुमचं नळकांडं माझ्या हातात दिलं. बाबांनी शेवटी पूर्ण केलं, तुझ्यासाठी ठेवलंय, म्हणाला. त्याला त्याचा अभिमान वाटत होता. काल दुपारी मी ते माझ्या टेबलावर उलगडलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आधी आपली विहीर शोधली. मग नदीवरून बोट नेत नेत खाली आले. उताराला शाई लागलेली होती. मी दाखवलेल्या जागी. रेघ थरथरलेली, जाडबारीक, तुमच्या हातची नव्हेच अशी, पण शाई. सगळ्या कागदावर तुम्ही पायी न जाता शाई लावलेली ती एकच जागा, आणि ती माझ्या शब्दावर.

कागद उचलून खिडकीशी धरला तेव्हा वरच्या अंगाला खोडलेली जागा दिसली. तुमचा पेन्सिलीचा उतार तुम्ही इतका नीट पुसला होतात की टेबलावर दिसतही नव्हता, उजेडात फक्त पेन्सिलीच्या टोकाचा वळ दिसला. आणि समासात, खाली कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीत एक ओळ. "खुंट कुठले? मीराला विचारणे."

हॉस्पिटलात तुम्ही हेच बोलायला लागला होतात का, हे मला आता कधीच कळणार नाही. मी तिथेच बसून रडले.

मग कॉम्प्युटर लावला. देवळाचा खुंट उपटला आणि त्याच्या जागी आपली फार्महाउसमधली विहीर धरली, कारण ती तरी जागची हललेली नाही हे आपण हात लावून पाहिलं होतं. लाल आकडा जवळजवळ शून्यावर आला. नदी डोंगरावरून उतरून आपल्या खोऱ्यात जाऊन बसली, आणि उतार सरकत सरकत गेला तो तुम्ही खोडलेल्या जागेवरच थांबला. मोजणीवाले चुकले नव्हते. तुम्ही चुकला नव्हतात. बारा वर्षांच्या तुम्हाला नदी जेवढी होती तेवढीच दिसली होती.

आज सकाळी मी महेशला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे ताई, पाणी सगळं एकच. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, तुमच्याहून फार मऊ आहे तो. पण तुम्ही हे कधी ऐकून घेतलं नसतंत. चार बोटांसाठी चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसाला मी पाऊण किलोमीटर बाजूला सोडलं. धरणाचं पाणी वाहतही नाही की वाहत जाऊन आईवडिलांपर्यंत पोहोचाल. महेशने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. फोन ठेवताना एवढंच म्हणाला की पुढच्या उन्हाळ्यात खरी जागा दाखव, मुलीला घेऊन येतो.

आता कागद समोर आहे. मी ब्लेड मोडून अर्धं केलं होतं, तुमची शाई खरवडून उतार त्याच्या जागी बसवावा म्हणून. दोनदा कागदाला टेकवलं आणि दोन्ही वेळा हात मागे घेतला. ती थरथरलेली रेघ तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून ओढली होतीत, ती खोडायचा मला हक्क नाही. ती तिथेच राहू दे. वर, उजेडात दिसलेल्या त्या वळावर, मी उतार पुन्हा काढला आहे. पेन्सिलीनेच, कारण तिथे माझा पाय पोहोचलेला नाही.

मग तुमच्या समासातल्या ओळीखाली, माझ्या गिचमिड अक्षरात, तुम्ही चष्मा पुसत विचारलं होतंत त्याचं उत्तर लिहिलं.

देवळाचा धरला होता, काका.